काचबिंदूची नळी, मोतीबिंदूची लेन्स: मधल्या तपासणीत काय बघायचं, कधी लगेच पाठवायचं?

दहिसर_ऑप्टोम

दहिसरच्या एका धर्मादाय नेत्रकेंद्रात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. ऑपरेशनं परळ-भायखळ्याकडे होतात, पण पट्टी लावलेला डोळा घेऊन विरार लोकलच्या गर्दीत शिरायला नको म्हणून मधल्या तपासण्यांना बरेच पेशंट आमच्याकडे येतात. डॉक्टर आठवड्यातून दोनदाच असतात. बाकीचे दिवस स्लिट लॅम्प (डोळा मोठा करून बघायचं यंत्र), अप्लनेशन टोनोमीटर (डोळ्याचं प्रेशर मोजायचं यंत्र) आणि मी. तीन पेशंटबद्दल विचारायचं आहे.

पहिल्या बाई, वय ६४. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि अहमद व्हॉल्व्ह (काचबिंदूत डोळ्यातलं पाणी बाहेर काढणारी झडपेची नळी) एकाच वेळी, पाच आठवडे झाले. पहिल्या आठवड्यात प्रेशर ७ होतं, आज २६. घरच्यांचं म्हणणं, व्हॉल्व्ह फेल गेला.

दुसरे गृहस्थ, वय ५८, ऑरोलॅबचं एएडीआय, म्हणजे दुसऱ्या प्रकारची काचबिंदूची नळी, बसवलंय, चौथा आठवडा चालू. दोन औषधांवर प्रेशर २२. गणपतीला पंधरा दिवस मालवणला जायचं म्हणतात. जाऊ द्यावं का?

तिसऱ्या आजी, वय ७०. डाव्या डोळ्यात जुनी मोतीबिंदूची लेन्स आहे, नंतर त्याच डोळ्यात डीसेक (कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्यावरच्या पारदर्शक काचेच्या, आतल्या थराचं रोपण) झालं, हवेचा बुडबुडा भरला होता. आता धूसर दिसतं, बाहुलीत पांढुरकी झाक आहे. जवळच्या दवाखान्यात 'जाळी आली, लेझर करून टाका' असं सांगितलंय (जाळी म्हणजे लेन्सच्या मागची कॅप्सूल, लेन्सची पिशवी, धुरकट होणं).

शिवाय एकूणच, अशा डोळ्यांत कुठल्या गोष्टी त्याच दिवशी पाठवायच्या आणि कुठल्या डॉक्टरांच्या दिवसापर्यंत थांबू शकतात?

काचबिंदू_परळ

आधी मालवणवाले घ्या, कारण तिघांत धोका त्यांना जास्त आहे आणि दिसायला तेच सगळ्यात ठीक आहेत.

एएडीआयला झडप नसते. ३५० चौरस मिमीची सिलिकॉनची पाटी दोन रेक्टस स्नायूंखाली सरकवलेली असते आणि तिला जोडलेली साधी मोकळी नळी. पहिल्या दिवसापासून ती उघडी ठेवली तर पाणी अडवायला पाटीभोवती काहीच नसतं, डोळा मऊ पडतो. म्हणून सर्जन नळी ६-० किंवा ७-० विक्रिलने आवळून बांधतो. तो धागा साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात विरघळतो, तोवर पाटीभोवती शरीराने कॅप्सूल (वेष्टन) तयार केलेली असते. गाठ सुटेपर्यंतचं प्रेशर औषधांवर आणि गाठीच्या पुढे नळीला सुईने पाडलेल्या बारीक चिरांवर चालतं. म्हणजे आजचे २२ हा एएडीआयचा निकाल नाहीच. नळी अजून बंद आहे.

गाठ सुटते तेव्हा प्रेशर एका रात्रीत २२ वरून ४-५ वर येऊ शकतं. त्यात पेशंट टिमोलॉल-डॉर्झोलामाइडसारखे पाणी कमी करणारे थेंब इमानाने घालतच असतो, म्हणजे एकीकडे नळ अर्धा बंद आणि दुसरीकडे मोरी पूर्ण उघडी. पुढचा कप्पा (कॉर्निया आणि आयरिस, म्हणजे रंगीत पडदा, यांच्यामधली जागा) उथळ होतो, कोरॉइडखाली (डोळ्याच्या मागच्या रक्तवाहिन्यांच्या थराबाहेर) पाणी साठतं, नजर धूसर होते. फार क्वचित त्याच जागी, म्हणजे सुप्राकोरॉइडल, रक्तस्राव होतो: अचानक असह्य कळ, उलटी, नजर एकदम जाणं. वय जास्त, ब्लडप्रेशर, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, ऑपरेशनआधी खूप चढलेलं प्रेशर, आधी व्हिट्रेक्टॉमी (आतलं जेलीसारखं व्हिट्रियस काढण्याचं ऑपरेशन) झालेला किंवा मोठ्या मायनस नंबरचा डोळा, यांत तो धोका वाढतो. खोकला, बद्धकोष्ठतेचं कुंथणं आणि वजन उचलणं ही निमित्तं.

चौथा ते सातवा आठवडा हा त्यांचा नाजूक काळ आणि नेमका तेव्हा माणूस मालवणात. माझं मत: दीड दिवसाचा करून परत या, किंवा या वर्षी घरच्यांना पाठवा. ऐकणारच नसतील तर निघण्याआधी सर्जनला भेटून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्यायच्या. कुठला थेंब कुठल्या लक्षणाला बंद करायचा, अट्रोपिन (बाहुली मोठी करणारा थेंब) जवळ ठेवायचं का, आणि तिथे प्रेशर कुठे मोजणार. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात मोजून मिळेल, पण उथळ कप्प्याचं पुढचं काम निघालं तर मुंबईच गाठावी लागेल. मूर्ती उचलणं, फुगडी, विसर्जनाला समुद्रात उतरणं, सगळं बंद. थेंब स्वतःच्या मनाने थांबवायचे नाहीत हेही सांगा. गाठ सुटली नसताना थांबवले तर प्रेशर उलट चाळिशीत जाईल, आणि काचबिंदूच्या शेवटच्या टप्प्यातली डोळ्याची नस तेवढंही सोसत नाही.

आता अहमदवाल्या बाई. अहमदमध्ये झडप आहे, साधारण ८ च्या आसपास उघडते, पाटी १८४ चौरस मिमी. पहिल्या आठवड्यात ७ आणि पाचव्या आठवड्यात २६ हा अहमदचा नेहमीचा रस्ता आहे, त्याला हायपरटेन्सिव्ह फेज म्हणतात. पाटीभोवतीची कॅप्सूल या काळात जाड, रक्ताळलेली असते आणि पाणी झिरपू देत नाही. सुरुवात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून, जोर पहिल्या-दुसऱ्या महिन्यात, पुढे काही महिन्यांत बऱ्याच जणांचं उतरतं. सगळ्यांचं नाही. काहींना थेंब कायमचे लागतात, हे घरच्यांना आताच सांगितलेलं बरं.

पण हे नाव द्यायच्या आधी बाकीची कारणं खोडायला हवीत. नळीचं तोंड बघा: आयरिसचा तुकडा, फायब्रिनचा पांढरा धागा, रक्ताची गुठळी किंवा व्हिट्रियस अडकलंय का. मोतीबिंदू काढताना लेन्सच्या पिशवीची मागची कॅप्सूल फाटली असेल तर व्हिट्रियसची शंका आधी. नळी आत दोन-तीन मिमी दिसायला हवी. गेल्या वेळेपेक्षा आखूड दिसली तर मागे सरकली आहे. प्रत्येक भेटीत नळीचं चित्र केसपेपरवर काढा, घड्याळाच्या आकड्यासकट. त्यावाचून 'आखूड' कशावरून म्हणणार? आणि स्टेरॉइड थेंब किती दिवस, किती वेळा चालू आहेत ते विचारा, काही डोळ्यांचं प्रेशर स्टेरॉइडनेच चढतं.

नळी मोकळी असेल तर पाणी कमी करणारे थेंब सुरू होतात. प्रेशर १० च्या वर जायला लागलं की लगेच सुरू केले तर ही फेज सौम्य राहते, असं मानणारे बरेच सर्जन आहेत, मीही त्यातलाच. त्यानंतर बोटांचं मसाज, आणि तरीही उतरलं नाही तर पाटीभोवतीच्या कॅप्सूलचं नीडलिंग (सुईने ती मोकळी करणं).

स्लिटलॅम्प_ठाणे

वरच्या सरांशी जवळपास सहमत, फक्त मसाजबद्दल नाही. सर्जनने स्वतः हात धरून शिकवल्याशिवाय पेशंटला मसाज सांगू नका. नवी लेन्स, ताजी जखम आणि नळीवरचा पॅच, या तिन्हींवर चुकीच्या जागी दाब पडला तर निस्तरायला महाग पडतं.

ऑप्टोमेट्रिस्टच्या हातातलं एक साधन लोक विसरतात: रिफ्रॅक्शन, म्हणजे चष्म्याचा नंबर काढणं. कप्पा उथळ झाला की लेन्स पुढे सरकते आणि डोळा मायनसकडे जातो. गेल्या वेळी प्लेनो (शून्य नंबर) आणि आज अचानक −१.५० आलं तर चष्म्याचा कागद बाजूला ठेवा आणि कप्प्याची खोली बघा. याच कारणासाठी नळी बसवलेल्या डोळ्याला पक्का चष्मा घाईने देऊ नये. अहमद असेल तर सहा ते आठ आठवडे तरी, एएडीआय असेल तर गाठ सुटून प्रेशर स्थिरावल्यावरच. नाहीतर काचेचे पैसे दोनदा.

उथळ कप्पा दिसला की एकच आकडा विचारायचा, प्रेशर किती. कमी असेल तर फ्लुओरेसिनची पट्टी ओली करून जखमेवर आणि नळीवर फिरवा, निळ्या प्रकाशात रंग धुऊन जाणारा ओघळ दिसला तर गळती आहे. ओघळ नसेल तर नळीतून जास्त पाणी जातंय किंवा कोरॉइड सुटलंय. प्रेशर जास्त असूनही कप्पा उथळ, ही जोडी वाईट. त्यात प्युपिल ब्लॉक (बाहुलीत पाणी अडणं), मॅलिग्नंट ग्लॉकोमा (पाणी मागच्या बाजूला जाऊन सगळं पुढे ढकलणं) किंवा रक्तस्राव येतो, त्याच तासाला फोन. छोट्या, प्लस नंबरच्या आणि बंद कोनाच्या डोळ्यांत मॅलिग्नंट जास्त दिसतो. तिथे उपचार अट्रोपिनने सुरू होतो. पायलोकार्पिन (बाहुली आवळणारा थेंब) घातलं तर उलट बिघडतं. 'काचबिंदू आहे ना, मग पायलो द्या' हे अजून चालतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

नळीवरची त्वचा, म्हणजे कंजंक्टायव्हा, प्रत्येक वेळी पापणी उचलून आणि पेशंटला खाली बघायला लावून तपासा. नळी लिंबसपाशी, म्हणजे कॉर्निया आणि पांढऱ्या स्क्लेराच्या सीमेवर, आत शिरते तिथे स्क्लेराचा पॅच असतो. तो वर्षांनी विरघळत पातळ होतो आणि वरची कंजंक्टायव्हा झिजते. नळी उघडी दिसली, मग दुखत नसो, लाल नसो, ती त्याच दिवशी पाठवायची. त्या वाटेने जंतू सरळ डोळ्याच्या आत जातात. ऑपरेशन दहा वर्षांपूर्वीचं असलं तरी नियम हाच. खालच्या बाजूला बसवलेल्या नळ्यांत हे जास्त होतं. डोळे चोळायची सवय असणाऱ्यांतही. पावसाळ्यात डोळे येण्याची साथ आली की नळीवाल्या पेशंटला 'साथीचं आहे, बरं होईल' म्हणून दुकानातला थेंब देऊन परत पाठवू नका, आधी त्या जागेवर रंग लावून बघा.

हे आणीबाणीचं नाही, पण नोंदवायचं: नळीचं टोक कॉर्नियाला टेकतंय का, आणि पापण्या मिटल्यावर टेकण्याइतकं जवळ आहे का. एंडोथेलियमच्या (कॉर्नियाच्या सगळ्यात आतल्या थराच्या) पेशी परत तयार होत नाहीत. प्रौढ डोळ्यात त्या दर चौरस मिमीला २५०० च्या आसपास असतात आणि ५०० च्या घरात आल्या की कॉर्निया पाण्याने फुगायला लागतो. वर्षातून एकदा स्पेक्युलर (या पेशी मोजायची तपासणी) करून घेता आली तर उत्तम. ज्यांना दोन-दोन दिसतं त्यांची हालचाल नऊ दिशांना तपासा. स्नायूंखाली मोठी पाटी असली की हे होतं. पहिल्या आठवड्यांत सूज असते म्हणून थांबायचं, पुढेही राहिलं तर प्रिझम लावून बघायचं.

आयओएल_गिरगाव

आजींचं लेझर आधी थांबवा. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

हायड्रोफिलिक अ‍ॅक्रिलिक (पाणी धरणाऱ्या प्लास्टिकच्या) लेन्सवर कॅल्शियम फॉस्फेटचे कण बसतात. डोळ्यात नंतर हवा किंवा गॅस भरला गेला असेल, म्हणजे डीसेक, त्याच जातीचं डीमेक किंवा पडद्याचं ऑपरेशन, तर ही शक्यता ठळक होते. बुडबुडा लेन्सच्या पुढच्या बाजूला टेकतो आणि बाहुलीच्या उघड्या भागात बारीक दाणेदार पांढरा थर येतो. तुमच्या वर्णनाशी जुळतंय.

फरक ओळखायला बाहुली मोठी करा, पातळ तिरकी स्लिट घ्या आणि फोकस पुढून मागे न्या. झाक लेन्सच्या पुढच्या पृष्ठभागावर किंवा लगेच खाली आहे, की लेन्सच्या मागे कॅप्सूलवर? मग मागून येणाऱ्या लाल प्रकाशात बघा. जाळी असेल तर साबुदाण्यासारखे गोल मणी किंवा सुरकुत्या दिसतात. कॅल्शियम असेल तर एकसारखी बारीक रवाळ झाक, कडेला रेक्सिसच्या (मोतीबिंदू काढताना कॅप्सूलला पाडलेल्या गोल भोकाच्या) वर्तुळाइतकी मर्यादित.

याग लेझर कॅप्सूल फोडतो. लेन्सवरचं कॅल्शियम त्याने जात नाही, घासूनही जात नाही. उपाय एकच, लेन्स काढून दुसरी बसवणं. आणि कॅप्सूल आधीच फोडलेली असेल तर त्याच कामात व्हिट्रियस पुढे येतं, नव्या लेन्सला पिशवीचा आधार मिळत नाही, मग स्क्लेरात अडकवणं किंवा आयरिस क्लॉ (आयरिसला चिमटून बसणारी लेन्स) यावर जावं लागतं. सोपं नसलेलं ऑपरेशन दुप्पट अवघड होतं. पाच मिनिटांचं लेझर म्हणून लोक हलक्यात घेतात, दुखतं ते इथे. आजींना कॉर्नियाचा ग्राफ्टही आहे, म्हणजे बदलाबदलीत तिथल्या पेशी जाणार, तो हिशेब कॉर्नियावाल्या सर्जननेच करायचा.

काचबिंदूच्या पेशंटमध्ये लेन्सचा अजून एक त्रास सहज निसटतो, तो यूजीएच (लेन्स घासून येणारी सूज, रक्त आणि चढलेलं प्रेशर). जाड हाताची एकसंध अ‍ॅक्रिलिक लेन्स पिशवीऐवजी सल्कसमध्ये (पिशवी आणि आयरिसमधल्या खाचेत) बसली, किंवा तिचा एक हात बाहेर राहिला, की ती आयरिसच्या मागच्या बाजूला घासत राहते. मधूनमधून धुरकट दिसणं, कप्प्यात पेशी, बारीक रक्त आणि चढउतार होणारं प्रेशर. केसपेपरवर 'युव्हायटिस' (डोळ्याच्या आतली सूज) लिहून महिनोन्‌महिने स्टेरॉइड चालतं आणि प्रेशर अजून चढतं. अंधारात आयरिसमधून प्रकाश पाडून बघा, लेन्सच्या हाताच्या आकाराची फट उजळली तर निदान जवळपास झालं. यूबीएमने (डोळ्याच्या पुढच्या भागाच्या सोनोग्राफीने) पक्कं होतं. नळी असलेल्या डोळ्यात हेच रक्त नळीचं तोंडही बंद करतं. अशी लेन्स बदलायला लागते, सल्कससाठी तीन भागांची असते ती.

स्यूडोएक्सफोलिएशनमध्ये (डोळ्यात कोंड्यासारखे कण साठण्याच्या आजारात) झोन्यूल, म्हणजे लेन्सची पिशवी धरणारे धागे, कमजोर असतात, म्हणून लेन्स पिशवीसकट खाली घसरणं कित्येक वर्षांनी होतं. पेशंटला डोळा भरभर हलवायला सांगून थांबवा, लेन्स हिंदकळते का बघा. हिंदकळत असेल तर सर्जनला कळवा, थांबून ती पडद्यावर पडायची वाट बघू नका. आणि शेवटचं, नस खराब असलेल्याला मल्टिफोकल (दूरचं-जवळचं दोन्ही दाखवणारी) लेन्स का दिली नाही असं घरचे विचारतात. काचबिंदूत कॉन्ट्रास्ट आधीच कमी झालेला असतो, मल्टिफोकल प्रकाश वाटून तो अजून कमी करते.

ओटी_सिस्टर

ताई, स्टिकर. या तिघांचं उत्तर स्टिकर बघून अर्धं मिळतं. लेन्सच्या आणि व्हॉल्व्हच्या खोक्यात चिकटवायच्या पट्ट्या येतात, त्यावर मॉडेल, पॉवर, सीरियल नंबर आणि मुदत असते. एक केसपेपरवर, एक डिस्चार्ज कार्डावर, एक ओटीच्या रजिस्टरमध्ये लागते. पेशंटला मोबाइलवर फोटो काढून ठेवायला सांगा, कार्ड पावसात भिजून जातं. 'लेन्स फॉरेनची होती' एवढ्यावर आजींची लेन्स हायड्रोफिलिक की हायड्रोफोबिक ते कळणार नाही.

व्हॉल्व्ह फेल असं घरचे म्हणतात तेव्हा खरी बिघाडाची जागा बहुतेकदा टेबलावरच असते. अहमदच्या झडपेचे पडदे साठवणीत एकमेकांना चिकटलेले असतात. बसवण्याआधी बारीक कॅन्युलाने बीएसएस (डोळ्याचं सलाइन) सोडून ते मोकळे करावे लागतात, पाटीवर पाण्याची धार दिसली की थांबायचं. केलंच नाही तर नळी पहिल्या दिवसापासून काम करत नाही. फार जोराने केलं तर झडप सैल होते आणि प्रेशर जास्त उतरतं. तुमच्या बाईंचं पहिल्या आठवड्यात ७ होतं, म्हणजे झडप उघडली होती.

मोतीबिंदूनंतर लाल डोळा आला तर दिवस मोजा. १२ ते ४८ तासांत, दुखणं कमी, कॉर्निया एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुजलेला, मागे व्हिट्रियस स्वच्छ, तर टास (ऑपरेशनच्या सामानातल्या विषारी अंशाने येणारी सूज) असू शकतो. तो जंतूंचा नाही, कॅन्युलात राहिलेलं डिटर्जंट, चुकीचं द्रावण, ऑटोक्लेव्हचं पाणी अशा कशाचा असतो. एकाच यादीतले दोन-तीन पेशंट असे आले तर पुढची यादी थांबते. दुसऱ्या ते सातव्या दिवसात, दुखणं वाढतं, नजर उतरते, पापणी सुजते, कप्प्यात खाली पांढरा थर, तर एन्डॉफ्थॅल्मायटिस (डोळ्याच्या आतला जंतुसंसर्ग) समजूनच वागायचं. दोन्हींत फरक तुम्ही ठरवत बसायचं नाही, त्याच तासाला पाठवायचं. तिकडे व्हिट्रियसचा नमुना घेऊन व्हॅन्कोमायसिन १ मिग्रॅ आणि सेफ्टाझिडीम २.२५ मिग्रॅ, प्रत्येकी ०.१ मिलीत, आत दिलं जातं. पाठवताना पोटात काही देऊ नका, भूल लागू शकते.

इम्प्लांटचाच दोष वाटला तर मटेरिओव्हिजिलन्समध्ये (वैद्यकीय उपकरणांच्या दोषांची नोंद घेणाऱ्या कार्यक्रमात) कळवता येतं. हा कार्यक्रम २०१५ पासून गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतो. डॉक्टर, सिस्टर, टेक्निशियन, पेशंट, कुणीही कळवू शकतं. तिथेही सीरियल नंबर लागतोच. काढलेली लेन्स फेकू नका.

काचबिंदू_परळ

सिस्टरांच्या मुद्द्याला जोड. परदेशात ऑपरेशन झालेले आईवडील आता तुमच्याकडेही येत असतील. त्यांच्यात मोतीबिंदूबरोबर बसवलेले बारीक स्टेंट असतात, गोनिओस्कोपी (खास लेन्स लावून डोळ्याचा कोन बघणं) केली नाही तर दिसतही नाहीत. कार्डावर सायपास (असाच एक स्टेंट) लिहिलेलं असेल तर कॉर्नियाकडे खास लक्ष. अमेरिकेत त्याला २०१६ मध्ये परवानगी मिळाली. दोन वर्षांचे आकडे चांगले होते, पाच वर्षांच्या पाहणीत एंडोथेलियमच्या पेशी नुसत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनपेक्षा जास्त गेलेल्या दिसल्या आणि ऑगस्ट २०१८ मध्ये अल्कॉनने तो बाजारातून काढून घेतला. त्याच्या टोकाला कडी असतात, कप्प्यात जितक्या जास्त कडी दिसतात तितकं पेशींचं नुकसान जास्त. सरसकट काढायचा नसतो, पेशी मोजत राहायचं.

दहिसर_ऑप्टोम

सगळ्यांचे आभार. आजींचं लेझर थांबवलंय, स्टिकरसाठी जुनी फाइल मागवली आहे. मालवणवाल्यांना सर्जनची वेळ घेऊन दिली. अहमदवाल्या बाईंची नळी मोकळी आहे, तोंडाशी काही नाही, स्टेरॉइड अजून दिवसातून सहा वेळा चालू आहे. अजून एक, त्यांना कंबरेचा एमआरआय सांगितलाय. नळी असताना चालेल का?

काचबिंदू_परळ

सहा वेळा, पाचव्या आठवड्यात? हे आजच सर्जनला फोनवर सांगा. चिठ्ठीवर कमी करायचं लिहिलेलं असेल आणि घरी कुणी वाचलं नसेल. कमी किती आणि कसं ते त्यांनाच ठरवू द्या, एकदम बंद केलं तर सूज उसळते.

एमआरआयचं: अहमद आणि एएडीआय दोन्हींत धातू नाही, चालतं. काचबिंदूच्या बाकीच्या इम्प्लांटमध्ये आयस्टेंट टायटेनियमचा आणि एक्सप्रेस स्टेनलेस स्टीलचा असतो, ते ३ टेस्लापर्यंत अटींवर चालतात, म्हणून एमआरआयच्या आधी कार्ड दाखवावं लागतं. बाईंनी डिस्चार्ज कार्ड बरोबर न्यावं, स्टिकर त्यावरच असेल. फॉर्ममध्ये 'शरीरात इम्प्लांट आहे का' याला 'हो, डोळ्यात' लिहायचं, नाहीतर टेक्निशियन मशीनजवळ थांबवून परत पाठवतो.